कुठे होतीस विचारणारा हिरो

मी मोबाइलवर प्रेमकथा लिहिते. हसू नका. बदलापूरला हेंद्रेपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, ओट्याला टेकून, कुकर होईपर्यंत एक भाग. गोष्टी वाचायच्या एका अ‍ॅपवर तो रोज येतो, आणि वाचणाऱ्या बायका इतक्या हावऱ्या की एखाद्या दिवशी भाग चुकला तर 'ताई, बऱ्या आहात ना?' म्हणून विचारतात. घरात मी तापाने फणफणले तरी एवढी चौकशी होत नाही.

गोष्टी बऱ्याच झाल्या, हिरो मात्र एकच. नाव बदलतं, शर्ट बदलतो, माणूस तोच. उंच, घुम्या, कंपनीचा मालक. कसली कंपनी ते मी लिहीत नाही, कारण मलाच ठाऊक नाही. हिरॉइन उशिरा घरी आली की हा खुर्चीत बसलेला असतो. उठतो, तिचं मनगट धरतो आणि विचारतो, "कुठे होतीस?" झालं, भाग संपला! पुढचं उद्या. आमच्या या लिहिण्यातली रीतच ती, मनगट धरलं की थांबायचं. भागाखाली वाचणाऱ्यांच्या लाल बदामांचा पाऊस पडतो. कोणी लिहितं, 'असा नवरा नशिबाला लागतो.' कोणी लिहितं, 'ताई, आमच्याकडचा नुसता सोफ्यावर लोळतो.'

मलाही असाच हवा होता, कशाला खोटं बोलू? आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला एकदाही 'कुठे होतीस' असं विचारलेलं नाही. एकदा भिशीच्या बायकांबरोबर मी दिवसभर बाहेर होते आणि फोनही बंद पडला होता. काय काय उत्तरं द्यायची ते मनाशी घोकत घरी आले. ह्यांनी पेपरातून मान वर केली, "जेवलीस का?" म्हणाले आणि परत पेपरात. बस्स! मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. आपलं माणूस दिवसभर नाहीसं होतं आणि ह्याला भाताची काळजी? त्या रागातून माझा हिरो जन्माला आला.

मुलगी आम्हाला एकच. जांभूळला पाण्याच्या प्लांटवर लॅबमध्ये आहे. पाणी कसं आहे ते बाटल्यांमधून तपासत असते, आणि ती सवय इतकी की कोणाकडे पाहुणी गेली तरी आधी ग्लासातल्या पाण्याचा वास घेते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझ्या गोष्टी ती वाचायची नाही. एकदा एक भाग मी बळेच वाचून दाखवला, तर म्हणाली, "आई, तुझ्या हिरोवर कंप्लेंट टाकायला पाहिजे यार." मी म्हटलं, तुला नाही कळायचं, तू बापावर गेलीस.

तिला स्थळ आलं चिखलोलीच्या नव्या टॉवरमधलं. मुलगा एकुलता एक, चांगल्या नोकरीत, दिसायला देखणा, आल्या आल्या वाकून पाया पडला. तिनेही भेटून, बोलून हो म्हटलं. साखरपुडा थाटात झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गोष्टच जणू घरात चालू झाली. सकाळी उठलीस का, डबा काय, रिक्षा मिळाली का, पोचलीस का, कोणाशी बोलत होतीस, फोन बिझी का होता. पाळी सुटायच्या वेळेला हा प्लांटच्या गेटवर बाइक लावून उभा. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलं हो पोरीने." मी म्हटलं, काढलंच!

मग त्याने तिचं लाइव्ह लोकेशन मागून घेतलं, चोवीस तास चालू ठेवायचं. हा येणार नसला की लॅबमधला एक वयस्कर सहकारी तिला पावसापाण्याचा स्टेशनपर्यंत गाडीतून सोडतो, नकाशात रस्ता वेगळा दिसला, याने खोदून विचारलं आणि ते कळलं. दोन दिवस हा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी केक पाठवला, त्यावर लिहिलेलं, 'फक्त माझी.' पोरगी केककडे बघत राहिली. "आई, हे गोड आहे की विचित्र?" तिने विचारलं.

"गोडच की गं. जीव आहे म्हणून राग येतो." मी म्हटलं.

"मग सॉरी कोण म्हणालं? मीच ना?"

मी केक कापायला सुरी आणायला गेले. संध्याकाळी मला केकचा भाग सुचला. हिरोने तसाच केक पाठवला, तशीच अक्षरं. बायका वेड्या झाल्या. त्या बदामांकडे बघून मला वाटलं, एवढ्या सगळ्या जणी काय खुळ्या आहेत? चुकत असेल तर आमची पोरगीच. आणि लगेच वाटलं, पण ती हल्ली जेवताना फोन ताटाशेजारी उताणा का ठेवते? काही कळेना मला. बाईमाणसाला विचारणारं कोणी नसलं तरी रडू येतं आणि असलं तरी घास उतरत नाही, हा काय प्रकार आहे?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तिला विचार." आता काय कपाळ फोडायचं?

तर बस्ता बांधायचा दिवस आला. आमच्याकडे अजून ती पद्धत आहे. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून लग्नाचे सगळे कपडे घेतात, शेवटी त्यांचा गठ्ठा बांधतात, आणि मुलीच्या आईने त्यावर कुंकू लावून नारळ ठेवला की लग्न पक्कं. माझी सासू म्हणायची, साखरपुडा एकवेळ मोडेल, बस्त्याला लागलेलं कुंकू पुसायचं नाही. आम्ही उल्हासनगरला गेलो. मालक सिंधी, ओळखीचे, सगळ्या नात्यातले बस्ते त्यांच्याकडेच. "आओ साईं, बैठो, विहीणबाई तुम्ही पण बसा," करत त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला. तिकडून मुलगा, त्याची आई. इकडून मी, हे आणि मुलगी. तिची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळीच उरकायचं ठरलं होतं.

शालूंचा ढीग पडला. पोरीने त्यातून एक मोरपंखी ओढला. तिचा तो लहानपणापासूनचा रंग. दुकानातला माणूस, केस पांढरे झालेला, नेहमीसारखा पदर तिच्या खांद्यावर टाकून आरशाकडे वळवायला गेला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "हात मत लगाओ. लेडीज को बुलाओ."

अगं बाई! अगदी हाच प्रसंग मी लिहिला होता. हिरो साडीच्या दुकानात विक्रेत्याचा हात हवेतच अडवतो. सगळ्यात जास्त बदाम मला त्या भागाला मिळाले होते. तिथे लिहिलं होतं, तिच्या गालांवर लाली पसरली. इथे तसलं काही झालं नाही. तो म्हातारा माणूस पदर हातात धरून तसाच उभा, आयुष्यभर बायकांना साड्या लावून दाखवलेला. "सॉरी बेटा," तो मुलीला म्हणाला. पोरगी खाली बघत होती. तिची मान लाजेने लाल झाली होती, पण ती लाली मी लिहिते ती नव्हे.

"मोरपंखी नको, मरून रंगाचा घे," मुलगा म्हणाला. मालक हसले, "वाह, दूल्हेराजा की चॉइस!" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "त्याचं असंच आहे हो, माझ्याही साड्या तोच ठरवतो." मीही हसले. खरंच हसले. हसता हसता बाईंच्या अंगावरच्या मरून साडीकडे लक्ष गेलं आणि माझं हसू आपोआप थांबलं.

मरून शालू झाला. देण्याघेण्याच्या साड्या झाल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आता हिला कामावर घालायला पाच ड्रेस घेऊ."

"ते कशाला, मम्मी? ती सोडतेय ना नोकरी," मुलगा शर्टाचं कापड चाचपत म्हणाला. "लग्नानंतर गेटवर कोण उभं राहणार रोज?"

पोरीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"कोण सोडतंय?" तिने विचारलं.

"अगं, बोलू नंतर. सगळ्यांसमोर कशाला?" तो अगदी प्रेमाने म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मालकांनी गठ्ठा बांधून पुढे ठेवला होता. कुंकवाचा करंडा माझ्या हातात आला, नारळ आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगी माझ्या शेजारी सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, तुझ्या गोष्टींमध्ये लग्नानंतर ती कामावर जाते का गं?"

देवाशपथ सांगते, माझं बोट कुंकवात बुडलेलं तसंच राहिलं. मी एवढ्या गोष्टी लिहिल्या, एकीतही लग्नानंतरचा भाग नाही. मंगळसूत्र झालं की मी 'समाप्त' लिहिते आणि नवी सुरू करते. पुढे काय होतं ते मला कोणी विचारलंच नव्हतं. मी बसल्या जागी विचार करायला लागले. तो 'कुठे होतीस' विचारणारा दुसऱ्या वर्षी काय विचारत असेल? ती अजून कुठे जात असेल का, की त्याने विचारायलाच नको म्हणून घरी बसली असेल? मला खरंच माहीत नव्हतं. आणि पोरगी उत्तराची वाट बघत होती.

मी बोट पदराला पुसलं, करंडा बंद केला. "आज नको," म्हटलं. "आज नाही लावायचं कुंकू."

एकच गलका झाला. विहीणबाई म्हणाल्या अपशकुन, मालक म्हणाले "बहनजी, मुहूर्त?" ह्यांनी तेवढंच केलं, उठून नारळ माझ्या हातातून घेतला आणि मालकांना परत दिला. पोरीने पर्स उचलली. मुलाने उठून तिचं मनगट धरलं. "कुठे चाललीस?"

हा भाग मी किती वेळा लिहिलाय! पण मनगटावर बांगड्या असतात आणि दाबलं की त्या रुततात, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कामावर. सोड." त्याने सोडलं. ती पायऱ्या उतरून रिक्षात बसली.

पुढे तो चार दिवस फोन करत होता. एका दुपारी भर उन्हात आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला, डोळे सुजलेले. आणि मी, दुकानात करंडा बंद करणारी मी, गॅलरीतून त्याला बघून विरघळले! पोरीला म्हटलं, "जा गं, बोल तरी. बघ कसा उभा आहे." ती खाली गेली. वरून मला ऐकू आलं, तिने एकच विचारलं, "नोकरीचं काय?" तो म्हणाला, "ते बघू ना नंतर, आधी तू माझ्याशी नीट बोल." ती वर आली, अंगठी डबीत घातली आणि ह्यांच्याकडे दिली. लग्न मोडलं.

तो वाईट होता का? मला अजून सांगता येत नाही. त्याचा जीव होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आमचे हे? इतकी वर्षं काही विचारलं नाही, तो विश्वास होता की आळस, तेही कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतील, "काय विचारायचं असतं?"

गोष्ट अर्धीच राहिली आहे. हिरो खुर्चीत बसलाय, हिरॉइन दारात आली आहे. बायका रोज लिहितात, 'ताई, पुढचा भाग?' परवा पोरीची सकाळची पाळी होती. चारला येणारी सहा वाजले तरी नाही, फोन लागेना. मी गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. नाही नाही ते मनात आलं. शेवटी दार वाजलं. मी धावत जाऊन उघडलं आणि तिचा हात धरला.

"कुठे होतीस?"

शब्द माझेच होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मी हात सोडला.

"जेवलीस का गं?" आतून ह्यांनी विचारलं.

"नाही बाबा, वाढा ना," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.