आप्पांचा माठ मानपाड्यात

आई गेल्यावर मी वडिलांना गावाहून मानपाड्याला घेऊन आले. येताना आप्पांनी काय आणावं? माठ! "अहो आप्पा, घरात फ्रीज आहे," मी म्हटलं. "तुझ्या फ्रीजच्या पाण्यानं दातात कळ येती," म्हणाले, आणि एसटीत अख्खा रस्ता तो मांडीवर घेऊन बसले.

पण इथे माठ गार होईना. वारा फिरला की कारखान्यांकडून असा उग्र वास येतो की आप्पांचा दमा उसळतो, म्हणून आमच्या खिडक्या सदा बंद. आत दमट हवा कोंडलेली. माठाखाली तळं साचायचं आणि पाणी मात्र कोमटच.

"माठ बाद झाला बघ," आप्पा म्हणाले.

मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी, गप्प बसवतंय कुठे! "उगाच माठाला नावं ठेवू नका. पाणी उकळायला आग लागते, मग ते आतून खळखळतं. बाष्पीभवनाला आग नको. पाणी वरच्यावर गुपचूप उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार. पण त्याला कोरडी, वाहती हवा लागते. ती इथे कुठून आणू?"

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माठात खोट न्हाई."

"अजिबात नाही."

"मग त्याला गावी सोडून ये. आन् संगं मलाबी."

माझं डोकंच फिरलं. "तिथे आहे कोण बघायला? दम लागला तर दवाखान्यात कोण नेईल? माझा जीव टांगणीला लावायचाय का?" खूप बोलले मी, नको तेवढं. आप्पांनी माठावरचं झाकण तेवढं सारखं केलं. त्यांनी आदळआपट केली असती तरी परवडलं असतं. मला नोकरी सोडता येत नव्हती, त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. भिंती अंगावर आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर माठ पुसून, फडक्यात बांधून दाराशी ठेवलेला. आप्पा फ्रीजमधली बाटली घेऊन बसले होते, एक हात गालावर.

"हे काय, आप्पा?"

"गावाकडं जाणारं कुणी भेटलं तर धाडून दे," ते म्हणाले. "मी ऱ्हातो हितं. निदान त्याला तरी जाऊ दे."