पंगतीतला गोलकीपर

माझा नवरा गिरीश पोतनीस ग्लासगोच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर आहे, हे त्याच्या ऑफिसबाहेर कुणाच्या लक्षात नसतं. बाकी सगळ्यांना तो 'कोच काका' म्हणून ठाऊक. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचा फुटबॉल संघ तो चालवतो आणि दर ऑक्टोबरात एडिंबराच्या मराठी मुलांकडून हरून घरी येतो. मग दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही, जसे काही ते गोल माझ्यामुळे झाले.

खेळाडू गोळा करायची त्याची रीत साधी आहे. सप्टेंबरात नवी मुलं आली की तो त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घुसतो आणि लिहितो, 'घरच्या जेवणाची आठवण येतेय? रविवारी या.' फुटबॉलचं अवाक्षर नाही. आठवडाभर पास्ता खाऊन विटलेली पोरं धावत येतात. भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये चादरी अंथरून पंगत बसते आणि पहिल्या पंगतीतले दुसरीला वाढतात. बासुंदीची दुसरी फेरी होईपर्यंत कुणाला पत्ता नसतो की ट्रायल चालू आहे.

कारण कोणी कुठे खेळायचं, ते गिरीश पंगतीत ठरवतो. मैदानावर माणूस नाटक करतो, जेवताना खरा दिसतो, असं त्याचं ठाम मत. वरण न सांडता शेवटच्या पानापर्यंत नेणारा मिडफिल्डला. पापड घेऊन पळत सुटणारा विंगर, मग वाटेत निम्मे मोडेनात का. सगळ्यांचं होईपर्यंत जागचा न हलणारा डिफेन्सला. आणि वाटीवर आडवा हात धरून वाढणाऱ्याला परतवून लावणारा तो गोलकीपर.

"अरे, म्हणूनच आपण दरवर्षी हरतो," मी एकदा म्हटलं.

"पद्धत बरोबर आहे," तो म्हणाला, "बॅच कच्ची येते."

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. साकेत नावाचा मुलगा स्पोर्ट्स सायन्समध्ये पीएचडी करायला आला, तो लॅपटॉप काखोटीला मारूनच. सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, विथ रिस्पेक्ट, पण पोझिशन डेटावरून ठरवायला हवी. या वर्षी हरलो तर नेक्स्ट इयरपासून टीम मी घेतो. फेअर?"

गिरीश "फेअर" म्हणून मोकळा झाला आणि घरी येऊन गळ्यातली शिट्टी कितीतरी वेळ पुसत बसला. मला त्या पोराचा असा राग आला! आमची लेक तनिषा नोकरीसाठी लंडनला गेल्यापासून आमच्या घराची बेल वाजते ती याच पोरांमुळे. संघ गेला तर हा माणूस रविवारी करणार काय?

पुढच्या रविवारी बासुंदी मीच वाढत होते. समर नावाचा सहा फुटी मुलगा होता. मी पळी पुढे केली तशी त्याने वाटीवर हात धरला. "नको नको काकू, खरंच नको!" हॉलच्या दुसऱ्या टोकाहून गिरीशला तो हात दिसला आणि त्याचे डोळे चमकले. साकेतने उंची मोजून लॅपटॉपात घातली होती, लॅपटॉपही समरच म्हणाला. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

समोर उभ्या असलेल्या मला मात्र दिसलं होतं की समरची बोटं फाकलेली आहेत. आपल्यात 'नको' दोन प्रकारचं असतं. बोटं मिटलेली असली तर खरंच नको, आणि फाकलेली असली तर वाढा. समरच्या बोटांमधून तीन पळ्या बासुंदी वाटीत गेली आणि वर त्याने बोटंही चाटली. त्याच्या शेजारी अक्षरा, संख्याशास्त्राची, जेमतेम पाच फूट. "काकू, बास," म्हणाली आणि वाटीवर हाताचं झाकणच ठेवलं. मी शपथ घातली, रुसून पाहिलं, माझ्यासाठी एक पळी म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या आग्रहातून कोणी सुटलं नव्हतं, ही पोरगी सुटली.

मी गाडीत गिरीशला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैभवी, तू बासुंदी बघ, गोलकीपर मी बघतो."

मॅचच्या दिवशी पाऊस आडवा मारत होता. मध्यंतराआधीच समरने तीन गोल खाल्ले, तिन्ही हातांमधून. वर प्रत्येक वेळी गोल मारणाऱ्याला "वेल प्लेड" म्हणत होता. मध्यंतरात गिरीश माझ्याकडे चहा मागायला आला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की भांडायचं माझ्या जिवावर आलं. मी थर्मास दिला आणि एवढंच म्हटलं, "तीन पळ्या."

त्याने थर्मास न उघडताच खाली ठेवला. मग वळून ओरडला, "अक्षरा, ग्लोव्ह्ज घाल! समर, तू पुढे जा."

"काका, पण माय हाइट?" अक्षरा म्हणाली.

"काकूची बासुंदी परतवलीस ना? मग घाल."

दुसऱ्या हाफमध्ये आमच्यावर एक गोल होईल तर शपथ. आलेला प्रत्येक बॉल अक्षराने माझी पळी परतवावी तसा परतवला. आमचे दोन गोल झाले, त्यातला एक समरचा. तरीही आम्ही तीन-दोनने हरलो.

संध्याकाळी हॉलवर जेवणं होती. गिरीशने स्वतःच शिट्टी काढून साकेतच्या हातात ठेवली. "ठरलं होतं," म्हणाला. मग खाली मान घालून जेवायला बसला.

थोड्या वेळाने साकेत त्याच्या पानासमोर येऊन वाकला. शिट्टी पुढे करून म्हणाला, "काका, सेकंड हाफ आपण टू-निल जिंकलोय. तो तुमचा होता. टीम तुम्हीच ठेवा ना, प्लीज."

गिरीशने चटकन बासुंदीच्या वाटीवर आडवा हात धरला. "नको नको. शब्द म्हणजे शब्द. आता खरंच नको."

साकेत बिचारा हिरमुसून मागे सरकायला लागला. मी पळी घेऊन शेजारीच उभी होते. मी गिरीशच्या हाताकडे पाहिलं. चारही बोटं फाकलेली होती.

"जाऊ नकोस," मी साकेतला म्हटलं. "सोड ती."

शिट्टी बोटांमधून थेट बासुंदीत पडली.