अख्खी गोडंबी

एका खोलीच्या त्या होमिओपॅथी दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाईंनी इतक्या उकाड्यातही दोन्ही हात पदराखाली झाकले होते. वाचलेलं विसरते म्हणून त्यांनी दहावीतल्या लेकीला आणलं होतं. डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली पुढे सरकवली.

"कशापासून करतेत हे?" बाईंनी विचारलं.

"बिब्ब्यापासून. आपल्या जंगलातलाच."

बाई खळखळून हसल्या. "ज्यानं मले जाळलं, थोच पोरीले औषध?"

आणि बाटली घ्यायला हात पदराबाहेर आले. काळेठिक्कर, चट्ट्याचट्ट्यांचे. बाई बिब्बे फोडतात. हाताला राख चोळायची आणि दगडाचा एकच घाव घालायचा. तेल उडतं, कातडी भाजते, पण आतली पांढरी गोडंबी अख्खी निघाली पाहिजे. ती मी दर हिवाळ्यात लाडवातून खात आलो. ती निघते कशी, हे कधी विचारलं नाही.

गोळ्या लागू पडतील की नाही, मला ठाऊक नाही. पण हे झाड आपला गोडवा जाळाच्या आत ठेवून जंगलात निवांत उभं असतं, आणि कुणीतरी हात पोळून तो बाहेर काढतं, एवढं त्या दिवशी कळलं.

"फार पोळत असेल ना?" मी विचारलं.

"पोळते ना भाऊ." त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पसरले, पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. "पण माह्या हातची गोडंबी कधी तुटली नाही. विचारा गावात!"