हवा काढलेलं पाकीट

तासगावात बेदाण्याचे बॉक्स भरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण बाळाबाईंनी भरलेला बॉक्स व्यापारी लांबूनच ओळखतो. तो कुठंही फुगलेला नसतो. बेदाणा ओतायचा, मुठीनं दाबायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा दाबायचा आणि शेवटी आतल्या प्लास्टिकला पीळ देऊन उरलीसुरली हवा हुसकून लावायची. हवा राहिली की माल बिघडतो, हे बाळाबाई बेदाण्याच्या शेडवर पहिल्याच दिवशी शिकल्या आणि तेव्हापासून नव्या पोरींनाही तेच दरडावून शिकवतात. दाबून दाबून त्यांच्या उजव्या हाताची पेरं सुपारीएवढी झाली आहेत.

मी त्यांचा शेजारी, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गल्ली मला अजून मास्तर म्हणते. मला मोबाईलवरून वस्तू मागवता येतात, म्हणून या भानगडीत ओढला गेलो. एरवी दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. हे माझं मत झालं, बायकोचं वेगळं आहे.

बाळाबाई आणि आप्पासाहेबांची एकुलती एक लेक दीक्षा निमलष्करी दलात शिपाई आहे. यंदा तिला लडाखकडच्या एका उंच ठाण्यावर पाठवलं. तिथं हवा विरळ आणि माणसाची भूक मरते. पोरगी झडत चालली होती. ऑगस्टात तिचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर चहा पीत होतो.

“आये, बेदाणा धाडू नगंस. हितल्या थंडीत त्येचं खडं हुत्यात,” ती म्हणाली. “बरोबरच्या पोरीकडं गोठवून सुकवल्याल्या फळांचं पाकीट हुतं. कुरकुरीत. तेवढंच गेलं बघ पोटात.” मग तिचा आवाज उतरला. “पुढल्या म्हैन्यात वजन करणार हायत. आजून घटलं तर मला खाली धाडतील. मला न्हाई यायचं खाली.”

बेदाणा नको म्हटल्यावर बाळाबाईंचं तोंड एवढंसं झालं. जन्म त्या मालात गेला आणि तोच पोरीच्या उपयोगाचा नाही. पण त्या फार वेळ कुढत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. “मास्तर, काय आसतंय त्ये मागवा,” म्हणाल्या. “पर एकच कंपनी नगं. बघून घेऊया.”

मी तीन कंपन्यांची पाकिटं मागवली. लाल पाकिटातला ‘रसकण’, निळ्यातली ‘कुरकुरबाग’ आणि पांढरं ‘डोंगरफळ’, वाईकडच्या कुठल्याशा लहान कंपनीचं. ही फळं आधी गोठवतात, मग त्यातलं पाणी काढून घेतात. आकार तसाच राहतो, वजन पिसाचं, आणि दाताखाली नुसता कुरकुर आवाज.

बाळाबाईंनी तिन्ही ताटल्यांत काढली आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या. लालमधली स्ट्रॉबेरी जिभेवर ठेवली न ठेवली तोच विरघळली. मला आवडली. त्यांनी बोट चाटून बघितलं. “वरनं साकर चोळलीया. फळ मुळातच बेचव आसंल.” निळ्यातला आंबा दाताला चिकटून बसला आणि वास आंब्याचा कमी, पाकिटाचा जास्त. पांढऱ्यातली स्ट्रॉबेरी आंबट होती, तोंड वाकडं करायला लावणारी, पण फोडल्यावर आख्ख्या ओट्यावर वास सुटला. आप्पासाहेबांनी तिन्ही खाल्ली आणि “समदीच बरी हायती” म्हटलं, तेव्हा त्यांना निवाड्यातून काढून टाकण्यात आलं.

“पांढरं,” बाळाबाई म्हणाल्या. “त्वांडाला पाणी सुटलं तर भूक लागंल.” आणि मग पाकीट हातात धरून त्या एकदम भडकल्या. “पर मास्तर, निम्मी हवाच इकत्यात की ह्ये! आसा बॉक्स भरला आस्ता तर शेटनं मला दारात हुबं केलं नस्तं.”

मी हसलो आणि विसरलो. पांढरी पाकिटं मागवून दिली आणि डोळे तपासायला सांगलीला लेकीकडं गेलो. परत आलो तेव्हा पार्सल रवाना झालेलं.

“लय झ्याक बसलं,” बाळाबाई कौतुकानं सांगू लागल्या. “एकेका पाकिटाला सुई टोचली, मुठीनं दाबून समदी हवा काढली. एवढ्याशा डब्यात धा-बारा मावली बगा.”

माझं डोकं फिरलं. “आवं बाई, ती हवा न्हाई, ती त्या फळाची उशी! वर भोकं पाडली, म्हंजे दमट हवा शिरणार. त्येचा भुगा झाला आन् भुग्याचा चिखल!”

एसटीत पंधरा प्रवाशांना एका दमात गप्प केलेला माणूस मी, पण त्या दिवशी बोललो ते बोलायला नको होतं. बाळाबाई स्वतःच्या मुठीकडं बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी शेडवर गेल्या नाहीत, त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाहीत. आप्पासाहेब सांगत होते, जेवणाचं ताट तसंच परत जातंय. पोरगी तिकडं उपाशी आणि आई इकडं. मला फार वाईट वाटलं, पण पार्सल काही माघारी बोलावता येत नव्हतं.

सप्टेंबरात फोन आला. बाळाबाईंनी तो उचलून सरळ माझ्या हातात दिला. मी स्पीकरवर टाकून ‘हॅलो’ म्हटलं.

“जयभीम, काका. आये कुटं हाय?”

“हितंच हाय,” बाळाबाई म्हणाल्या. “माजं चुकलं, बाय. म्या समद्याचा इस्कोट केला.”

“ह्यात कुरकुरीत कायबी न्हाई, त्ये खरं,” दीक्षा म्हणाली. “समदं सादळून वडी झालीया. पयलं पाकीट कापलं आन् फेकणार हुते. मग बघितलं तर वडीवर चार खळगं. तुजी पेरं उमटल्याती, आये. बाजूला आंगठाबी.”

बाळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“मग?” मीच विचारलं.

“मग काय, एक एक खळगा मोडून खाल्ला. रोज एक पाकीट. लय आंबट हाय, पर भूक लागतीया. परवा वजन झालं. घटलं न्हाई. ऱ्हायले मी हितंच.”

त्या संध्याकाळी बाळाबाई दोन भाकरी जेवल्या, असं आप्पासाहेबांनी भिंतीवरून मला ओरडून सांगितलं. सकाळी शेडवर जाताना त्या माझ्या दारात थांबल्या.

“मास्तर, आजून पांढरी मागवा. ह्या बारीला हवा काढत न्हाई. जशीच्या तशी धाडती.” दोन पावलं पुढं गेल्या आणि वळल्या. “एकाची तेवढी काढती.”