‘घर’ अशी नोंद असलेली ओळ

आमच्या पुढच्या खोलीत इन्व्हर्टरवर चालणारं बटण एकच आहे. त्यात इंटरनेटच्या राउटरची पिन असते. माझे पती गेले त्या दिवशी कोणीतरी ती पिन काढली आणि तिथं बर्फाच्या पेटीची पिन लावली. नणंद सुरतेहून निघाली होती. ती पोचेपर्यंत त्यांना त्या पेटीत ठेवायचं होतं, आणि मध्येच लाइट गेली तर पेटी बंद पडायला नको होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी परत गेली. राउटरची पिन पुन्हा लावली आणि हिरवा दिवा लागला. त्या दोन दिवसांतलं मला हे नीट आठवतं. कोण आलं, कोण काय बोललं, ते फारसं आठवत नाही.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गावी रात्र काढायची तर हाताशी काही हवं, म्हणून त्यांना वाचायची सवय लागली ती कायमची. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेली. तेव्हापासून त्यांचा मुलगा, म्हणजे माझे पती, त्यांना वाचून दाखवायचे. यांचं काम संगणकाचं, घरूनच चालायचं, आणि नेमक्या संध्याकाळी परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंगा असायच्या. म्हणून हे सकाळी लवकर उठून एक प्रकरण वाचायचे आणि तो आवाज साठवून ठेवायचे. मामा दुपारी खाटेवर पडून ऐकायचे.

दुसरं कोणी असतं तर आवाज फोनमध्येच ठेवला असता. यांनी त्यासाठी क्लाउडवर एक छोटा सर्व्हर घेतला आणि मामांच्या फोनसाठी एक पान बनवलं. त्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं. पडद्यावर कुठंही बोट ठेवलं की काल जिथं थांबलं त्याच्या काही सेकंद आधीपासून सुरू, पुन्हा ठेवलं की बंद. मामा सुरू करताना खाटेच्या लाकडावर दोनदा टकटक करायचे आणि थांबवताना एकदा. गाडी सोडायची ती दोन घंट्यांवर, थांबवायची एका घंटीवर.

आवाजात घर यायचं. कुकरची शिट्टी, मळणीयंत्राची घरघर. एका प्रकरणात मधेच मामांचाच आवाज आहे. त्या दिवशी ते लवकर उठून जवळ येऊन बसले असावेत. “सावकाश वाच की रे. सेनगावची जीप सुटून राहिली का तुही?” यावर हे हसतात आणि पुढचं वाक्य आणखी भरभर वाचतात.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी कॉलेजला जायला लागले. मराठी शिकवते, ते उभ्यानं शिकवता येतं, फार विचार करावा लागत नाही. दुपारी घरी यायचे तेव्हा मामा खाटेवर बसलेले असायचे, फोन उशाशी. मला वाटलं, त्यांना ऐकवत नसेल. मी काही विचारलं नाही.

आठवड्यानं त्यांनीच विषय काढला. म्हणाले, रोज बोट ठेवतो, पण आवाज येत नाही. मी फोन हातात घेऊन पाहिला. पांढऱ्या पानावर एक गोल फिरत होता. कधीपासून, विचारलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणाले, त्याआधी बोट ठेवलंच नव्हतं.

“मग सांगितलं काहून न्हाई, मामा?”

“मला वाटलं, तो गेला तर हेबी गेलं असंल.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. माणूस गेल्यावर त्याचा आवाज बंद पडणं यात विचित्र काही वाटलं नाही.

तेवीस आणि चोवीस अशी दोन प्रकरणं ऐकायची राहिली होती. पुस्तक अजून पुढं आहे, एका नावाडी घराण्याची जाड कादंबरी. पण त्यांच्या आवाजातलं तेवढंच उरलं होतं. मामा म्हणाले, “तेवढं दोन भाग मिळतेत का बघ पोरी.”

तेरवीला यांच्या ऑफिसातला एक सहकारी आला होता. त्याला फोन केला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, मधे राउटर बंद झाला होता का. मी हो म्हणाले. कशामुळं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं.

मग त्यानं समजावलं. सर्व्हरभोवती एक नेटवर्क असतं. ते तारांचं नसतं, संगणकावर आखलेलं असतं. त्यात कुठून कुठं जाता येतं आणि कोणाला आत घ्यायचं, हे सगळं नियमांनी ठरतं. यांनी नियम असा ठेवला होता की फक्त आमच्या घरच्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घ्यायचं. आणि राउटर बंद करून चालू केला की इंटरनेट कंपनी घराला नवा पत्ता देते. तो पत्ता म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे. सर्व्हर चालूच आहे, म्हणाला, फक्त आता तो तुमचं घर ओळखत नाही.

मी त्यांचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड त्यांच्या कामाच्या वहीत होता. पण आत जाताना एक कोड लागतो आणि तो त्यांच्या फोनवर येतो. फोन कपाटात बंद करून ठेवला होता. चार्जिंगला लावून सुरू केला. आधी इतरांचे मेसेज आले, कितीतरी, ते संपेपर्यंत मी थांबले. मग कोड आला.

वहीत त्यांनी त्या नेटवर्कची आकृती काढली होती. एक मोठी चौकट, तिच्या आत दोन छोट्या. एकीतून बाहेर जायला बाण होता, दुसरीतून नव्हता. आवाज त्या दुसऱ्या चौकटीत ठेवलेले. बाजूला त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, “सगळ्यांना उघडं ठेवायचं नाही”, खाली दोन रेघा.

सहकारी फोनवरून एकेक पायरी सांगत होता. त्याचं पहिलं म्हणणं असं की चारही ठिकाणी शून्य टाका, म्हणजे जगात कुठूनही उघडेल, पुन्हा कटकट नको. मी वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं. “राहू द्या वहिनी,” तो म्हणाला, “त्याचंच ऐकू.”

मग मी लॅपटॉपवर दिसणारा पत्ता लिहिला आणि तो चुकीचा निघाला. तो घराच्या आतला पत्ता होता. भिंतीपलीकडं तो कोणाला माहीत नसतो. बाहेर दिसणारा पत्ता वेगळा, तो वेगळ्या पानावर शोधावा लागला. तो लिहिला. शेजारी नोंदीसाठी एक चौकट होती. ती रिकामी ठेवली तरी चालतं, असं कळल्यावर मी रिकामी ठेवली.

आता यादीत दोन ओळी होत्या. वरच्या ओळीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘घर’.

“वरची ओळ काढून टाका वहिनी,” तो म्हणाला. “तो पत्ता आता कंपनीनं दुसऱ्या कोणाच्या घराला दिला असेल.”

मी ती ओळ निवडली. नक्की काढायची का, असं संगणकानं विचारलं. मी हो केलं. ओळ गेली. मला काही वाटलं नाही. बाहेर कोणीतरी सोयाबीनची पोती उतरवत होतं, तो आवाज ऐकू येत होता.

मामांनी बोट ठेवलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आधी घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग तेवीस. मामा पूर्ण वेळ बसून होते, आडवे झाले नाहीत. नावाड्याची मुलगी नदी ओलांडते इथवर ते प्रकरण येतं. ते संपलं. चोविसाव्याची सुरुवात म्हणून पुन्हा घसा साफ झाला, आणि मामांनी खाटेवर एकदा टकटक करून पडद्यावर बोट ठेवलं.

“हा राहू दे,” ते म्हणाले.

मी म्हणाले, पुढचं मी वाचून दाखवते, पुस्तक आहे. ते म्हणाले, चोविसावा ऐकल्याबिगर पंचविसावा कसा ऐकायचा. मग आम्ही दुसरं पुस्तक घेतलं. ते मी संध्याकाळी वाचते. मी सावकाश वाचते, त्याबद्दलही ते कधीकधी कुरकुर करतात.

राउटर अजून त्याच बटणावर आहे. पण इन्व्हर्टर जुना झालाय. लाइट फार वेळ गेली की राउटर बंद पडतो आणि घराचा पत्ता बदलतो. मग मी लॅपटॉप उघडते, त्यांच्या फोनवर कोड येण्याची वाट पाहते, नवी ओळ लिहिते, जुनी काढते. आता वही लागत नाही. शेवटी वाट उघडली का ते बघायला मामांच्या फोनवर बोट ठेवते. घसा साफ केल्याचा आवाज येतो. तेवढ्यावर मी बंद करते.