छायाबाईंचे वाल

छाया कुलथे यांच्या घरी गेली बारा वर्षं कुणी भाजी निवडलेली नाही. मेथी, मटार, गवार, वाल, सगळं दुसऱ्यांच्या घरून निवडून-सोलून येतं. आणि सोलणारेच वर दारापर्यंत सोडायला येतात, "मॅडम, पुन्हा या हं!"

धंदा म्हणाल तर छायाबाई समुपदेशक. ज्या मुलांना वाचता येत नाही, आकडे उमगत नाहीत, एका जागी बसवत नाही, त्यांच्या आईबापांशी बोलायचं काम. निवृत्तीनंतर नाशकातल्या एका शाळेनं त्यांना खोली दिली, टेबल दिलं, भिंतीवर हसऱ्या मुलांचं चित्रही दिलं. त्या खोलीत आईबाप यायचे, हात मांडीवर ठेवून बसायचे आणि धादांत खोटं बोलायचे. "घरी सगळं येतं हो त्याला." महिनाभरात छायाबाईंनी खोलीला कुलूप घातलं आणि स्कूटर काढली.

माणसाचे हात रिकामे असले की तोंड खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्या पिशवी घेऊन लोकांच्या घरी जातात, खाली बसकण मारतात आणि म्हणतात, "जरा हात लावा बरं, बोलता बोलता होऊन जाईल." आई नुसती घाबरलेली असेल तर मेथी. रडणारी असेल तर मटार. कांदा कधीच नाही, कारण मग रडू खरं की कांद्याचं ते कळत नाही. घरात कुणी हट्टी पुरुष असेल तर मात्र मोड आलेले वाल. ते बोटांतून निसटतात, चिवट असतात, आणि अर्धं पातेलं झाल्याशिवाय उठून जाणं बरं दिसत नाही.

पूर्वी बाई मराठी शिकवायच्या आणि, त्या स्वतःच सांगतात, चांगल्याच खडूस होत्या. सुरगाण्याहून वसतिगृहात आलेल्या केरूला त्यांनी दोन वर्षं भर वर्गात ढ म्हणून बडवलं. पुढे पन्नाशीला टेकल्यावर वणीहून परतताना ज्या जीपमध्ये बसल्या, तिच्या स्टिअरिंगवर हाच केरू. त्यानं बाईंना मानानं पुढे बसवलं आणि गिअर टाकता टाकता सांगितलं, "बाई, मला तवाबी वाचता येत नव्हतं, आताबी नाय येत. तुमी मारलं लय. इचारलं कदी नाय." पुढच्या जूनमध्ये त्या बावीस वर्षांच्या पोरींच्या बाकावर बसून विशेष मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम करत होत्या.

तर गेल्या जानेवारीत त्यांच्याकडे पंचवटीतल्या गोविंदगुरुजींची नात आली. गुरुजी यात्रेकरूंचे विधी करतात. मुलगा मयुरेश विमा कंपनीत, सून तेजश्री, आणि नात मृण्मयी पाचवीत. तोंडी परीक्षेत वर्गात पहिली, लेखीचा कागद कोरा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पोर माजलीय. घरचे म्हणाले, शाळेचा आकस आहे. मृण्मयी कुणालाच काही म्हणाली नाही, फक्त रोज सकाळी पावणेसातला तिचं पोट दुखायचं. पाचवीला आता वार्षिकात नापास करतात. "नापास झाले तर शाळेत पाऊल टाकणार नाही," असं तिनं आईला बजावलं होतं आणि ती टाकणार नव्हतीच.

उपाय सोपा होता. तिच्या वाचनाची तपासणी करायची, अडचण खरी असल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं, मग परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. त्यासाठी संमतीच्या फॉर्मवर बापाची सही शनिवारपर्यंत हवी होती. पण वडिलांनी मान डोलावल्याशिवाय मयुरेशचं पेन खिशातून निघेना. गुरुवारी छायाबाईंनी भिजवून मोड आणलेले अर्धा किलो वाल घेतले आणि पंचवटी गाठली.

"आमच्या घरात वाचता न येणारं मूल?" गुरुजी पाटावर बसून वाल सोलता सोलता कडाडले. "सात पिढ्या पोथीवर जगलोय आम्ही! सहा वर्षांची असल्यापासून पोर पोथी पुढ्यात घेऊन स्तोत्र वाचते. एक अक्षर चुकत नाही. चुकली तर ती मास्तरीण चुकेल."

"मग ऐकू या की," छायाबाई म्हणाल्या. "वाच गं, मृण्मयी."

तेवढ्यात मयुरेशला ऑफिसचा फोन आला, तो गॅलरीत गेला. तेजश्री चहा टाकायला उठली. फळीवरची पोथी काढली ती गुरुजींच्या पत्नीनं, यशोदाबाईंनी. इतका वेळ त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या, पण वाल सगळ्यांत जास्त त्यांचेच सोलून झाले होते. छायाबाईंनी हे बरोबर टिपलं होतं.

मृण्मयीनं लाल रुमाल सोडला, पान पुढ्यात घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत सुरू केलं. घरंगळलेला एक वाल उचलायला म्हणून छायाबाई वाकल्या आणि त्यांनी पान बघितलं. पानावर लिहिलं होतं: काळे तीळ पाव किलो. दर्भाची एक जुडी. सुपाऱ्या अकरा.

त्यांनी यशोदाबाईंकडे बघितलं. यशोदाबाई ओठ घट्ट मिटून वाल सोलत होत्या.

मध्येच मृण्मयी अडखळली. गुरुजींनी पान ओढून घेतलं. "अगं, डोळे कुठे आहेत तुझे? हे काय, इथे स्पष्ट लिहिलंय!" आणि अकरा सुपाऱ्यांवर बोट ठेवून त्यांनी पुढच्या दोन ओळी घुमणाऱ्या आवाजात म्हटल्या.

"गुरुजी," छायाबाई हळूच म्हणाल्या, "ही सामानाची यादी आहे."

पातेल्यात एक वाल पडला, त्याचा आवाज आला. गुरुजींनी पानाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"पोथी काय नि यादी काय, रुमाल दोन्हींचे सारखेच की हो," यशोदाबाई म्हणाल्या. "आणि ह्यांचा चष्मा सापडत नाही."

"कधीपासून?" छायाबाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून. त्रेचाळीस वर्षं. यात्रेकरूंची वही मी वाचते, नावं मी लिहिते. हिचा धडाही मीच वाचून दाखवते. दोघांनाही एकदा ऐकलं की पाठ. म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही."

"आजोबा," मृण्मयीचे डोळे हे एवढे झाले, "तुमचंपण पोट दुखायचं?"

गुरुजी बराच वेळ एकच वाल चोळत राहिले. "दुखायचं," ते म्हणाले. "वडील छडी घेऊन बसायचे. मग मी ऐकूनच पाठ करायला लागलो." आणि गॅलरीकडे बघत आवाज खाली आणून, "मयुरेशला सांगणार का तुम्ही?"

"मी कशाला सांगू? मला वाल सोलून हवेत," छायाबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला त्रेचाळीस वर्षं वाचून दाखवणारं माणूस मिळालं. हिला परीक्षेपुरते तीन तास मिळू द्या. नाहीतर ही शाळा सोडते बघा."

मयुरेश फोन खिशात टाकत आत आला. "काय ठरलं?"

"सही कर."

"पण बाबा, कालपर्यंत तर तुम्हीच..."

"कर म्हणतो ना! वाचत काय बसलायस त्यात!"

यशोदाबाईंना जोरात ठसका लागला. त्यांनी तो पदरात झाकला.

प्रमाणपत्र मार्चअखेरीस हातात पडलं. मृण्मयी पास झाली, गणितात अगदी काठावर, पण झाली. निकालानंतर छायाबाईंनी दर गुरुवारी संध्याकाळी तिची शिकवणी सुरू केली. ताटात बारीक रेती पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, तोंडानं म्हणायचं. शेजारी गुरुजी बसतात. नातीवर लक्ष ठेवायला, असं मयुरेशला सांगितलेलं आहे. त्यांच्या पुढ्यातही एक ताट असतं.

"आजोबा, मध्येच बोट उचलायचं नाही. पहिल्यापासून काढा."

"काढतोय ना, बये! मोठी मास्तरीण!"

"चष्मा सापडला का?" स्वयंपाकघरातून यशोदाबाई विचारतात.

"शोधतोय!"

छायाबाई आता त्या घरी वाल नेत नाहीत. मेथी नेतात.