अक्काला ऐकू यायला हवं होतं

मुकुंदाचा फोन आला तेव्हा मी डोशाचं पीठ ढवळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. पुढे नुसते रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले... महिना होत आला, तरी काही सांगायचं झालं की पाय अजून अक्काच्या दाराकडे वळतात.

सुशीलाअक्का माझी चेन्नईतल्या अड्यारमधली शेजारीण. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, मी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. माझ्या मराठीला ती "पेपरातली" म्हणून हसायची. तिच्या मराठीत तर निम्मं तमिळ! इथल्या भाजीवाल्याशी भांडायला मला तिनंच शिकवलं. कान तिचे आधीपासूनच अधू, त्यात कोविडनं फुप्फुसं नेली. मुलगा मुकुंद तिच्याजवळच राहायचा, नोकरी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं हवा गाळणारं मशीन आणून तिच्या खोलीत ठेवलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, की मोठ्या वेगावर ठेवलं तर खोलीत तरंगणारे विषाणू कमी होतात; पण कुणी अगदी तोंडाजवळ येऊन बोललं तर मशीन काय करणार? खिडकी उघडी हवी, मास्क हवाच.

आता मोठ्या वेगावर ते असं घोंघावायचं, की अक्काला आमचं बोलणंच कळेना. मग ती बटण दाबून ते मंद करायची. मुकुंद चिडायचा, "आई, शोभेला आणलंय का हे?"

"अय्यो, हवा चांगली मिळते रे! पण हवेशी बोलू काय मी?"

आम्ही हसायचो. तो नाही हसायचा. आईला जगवायचं होतं त्याला, आणि तिला माणसांत जगायचं होतं. दोघांचंही खरंच होतं हो.

नवरात्रात तिनं बाहुल्यांचा कोलू मांडला. इकडची रीत अशी, की कोलू बघायला आलेल्या बाईनं बाहुल्यांपुढे एक गाणं म्हणायचं. अक्कानं त्या संध्याकाळी मशीन बंदच केलं आणि गाणारीच्या अगदी पुढ्यात बसली. एकेक बाई गात होती आणि अक्काचा चेहरा असा उजळलेला... मीही जात्यावरची ओवी म्हटली. मुकुंद ऑफिसातून आला तो दारातच थांबला. आईचा चेहरा बघून त्या दिवशी त्यानं मशीनला हात लावला नाही.

आठवड्यात अक्काला ताप आला, मग धाप. "मशीन चालू असतं तर?" मुकुंदानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "धोका कमी झाला असता. वाचल्या असत्या का, ते नाही सांगता येणार."

परवा मुकुंद माझ्याकडे आला. चहा निवून गेला तरी कपाला हात नाही. मग म्हणाला, "मावशी, मी रोज दारातूनच विचारायचो, जेवलीस का म्हणून. माझे जंतू नकोत तिला... तुमची ती ओवी काय होती? आई शेवटपर्यंत तीच गुणगुणत होती. मला शब्द लागले नाहीत."

मी पहिली ओळ म्हटली. दुसरीला अडखळले.

"सावकाश, मावशी," तो म्हणाला. ऑफिसचा फोन वाजत होता. त्यानं तो बंद केला, आणि बसून राहिला.